निरोपाचा शिरा

सकाळपासून खाली पार्किंगमध्ये मंडप घालणं चाललंय. आमची इमारत पाडून तिथे उंच मनोरा उभा राहणार आहे, म्हणून जानेवारीत सगळ्यांनी घरं रिकामी करायची आहेत. जाण्याआधी एकदा सगळ्यांनी एकत्र जेवावं असं कमिटीनं ठरवलं. कल्पना चांगलीच आहे. मेनू विचारायला तळमजल्यावरची मुलगी आली तेव्हा मी म्हटलं, काहीही करा, पण गोडात शिरा नको. ती हसली. "आजी, शिरा कुणाला बाधतो का?" म्हणाली आणि टपटप जिना उतरून गेली. म्हाताऱ्या माणसाचं बोलणं लोक हल्ली असंच ऐकतात, हसून आणि जिना उतरून. आता आचाऱ्यानं कढई चढवली आहे, रवा भाजल्याचा खमंग वास जिन्यातून वर येतोय आणि मी खिडक्या लावून आत बसले आहे.

ह्या वासाला मी भिते. सरळच सांगते. डिसेंबरातलं धुकं, पहाटेचा गारठा, नळाचं पाणी बोटांना चावतं ते, हे सगळं मला आवडतं. नाशिकच्या माणसाला थंडीचं वेडच असतं. पण त्याच दिवसांत कुठूनतरी तुपावर रवा भाजल्याचा वास आला की मी हातातलं काम टाकून दाराकडे बघते. कुणीतरी उठून जाणार आहे असं वाटतं. माझी सून म्हणते की हे मनाचे खेळ आहेत. असतील. पण मनानं हा खेळ उगाच मांडलेला नाही.

तेव्हा आम्ही नाशिकरोडला स्टेशनजवळ राहायचो. आमची वसाहत बौद्ध कुटुंबांची, आणि तिला लागूनच ख्रिस्ती मंडळींची चाळ. मधे एक सार्वजनिक नळ होता आणि त्या नळावर दोन्हीकडच्या बायकांची भांडणं, सोयरिकी आणि मैत्र्या होत असत. माझी आणि सारामावशीची ओळख तिथलीच. ती आयुष्यभर एका वसतिगृहात स्वयंपाक करून निवृत्त झालेली, एकटी, अंगानं आडवी आणि तोंडानं तिखट. मी सकाळच्या शाळेत शिक्षिका, म्हणून मला ती नावानं न हाकारता मास्तरीण म्हणायची.

"मास्तरीण, दुपारी काय करतेस?"

"वह्या तपासते."

"म्हणजे हात चालतात. मग चल कांदे चिरायला."

अशी ती मला चर्चच्या स्वयंपाकघरात घेऊन गेली. बहात्तरच्या मोठ्या दुष्काळात गावंच्या गावं रस्त्यावर आली होती. खडी फोडायची कामं होती तोवर सरकारनं वाटलेली सुकडी खाऊन माणसं तगली. पाऊस झाल्यावर बरीचशी परत गेली, पण ज्यांना परत जायला काहीच उरलं नव्हतं ती स्टेशनच्या आडोशाला, पुलाखाली, गोदावरीच्या काठाला तशीच राहिली. चर्चला तिथं सगळे देऊळच म्हणायचे; नाताळच्या सुटीत त्या देवळामागच्या शाळेचा हॉल रिकामा असायचा. पाळकसाहेबांच्या मनात आलं की गव्हाणीत जन्मलेल्या देवाचा सण आपण करायचा आणि बाहेर माणसं कुडकुडत ठेवायची, हे काही बरं नाही. म्हणून नाताळच्या आदल्या दिवशी हॉल उघडायचा, सतरंज्या अंथरायच्या, दोन वेळचं गरम जेवण द्यायचं आणि नव्या वर्षाची उपासना झाली की बंद करायचा, असं सुरू झालं. नंतर शाळा भरायची.

त्या स्वयंपाकघराची मला अजून सय येते. पत्र्याचं छप्पर, तीन मोठ्या चुली, भिंतीला टेकवलेल्या घमेल्याएवढ्या पराती, आणि बाहेर बांबूवर टांगलेली कागदी चांदणी, जी वाऱ्यानं सारखी पाठ फिरवायची. दुपारी मी पोचायचे तेव्हा मावशी डाळीच्या वाफेत उभी असायची. तिखट वरण, भात, पिठलं, भाकरी. नाताळच्या दिवशी रस्सा. अंधार पडायच्या आत पंगत उठवायची, कारण हॉलमधे एकच दिवा होता. माणसं मुकाट येऊन बसायची. गरम भाताची वाफ तोंडावर आली की काही जण जेवायच्या आधी नुसतेच डोळे मिटून थोडा वेळ बसत. ते बघितलं की पाठीचं दुखणं विसरायला व्हायचं.

त्या माणसांत एक खंडूबाबा होता. दगड फोडून फोडून त्याचा एक डोळा गेलेला. अंगावर लाल घोंगडी, तीच अंथरूण, तीच पांघरूण. तो दरवर्षी यायचा आणि दाराजवळची जागा धरायचा. आत ऊब असते, तिकडे सरक, असं मी एकदा म्हटलं. तो म्हणाला, "दाराजवळची माणसं आधी उठतात बाई. उठवायला लागत नाय."

मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही.

आता शिऱ्याचं सांगते. पहिल्या वर्षी शेवटच्या दिवशी थोडा रवा आणि थोडी साखर उरली होती. मावशीनं त्याचा शिरा केला. दुपारचं जेवण झालं, गोड वाढलं, पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, लोक उठले, गाठोडी बांधली, फाटकाबाहेर गेले. सगळं इतकं सुरेख झालं की दुसऱ्या वर्षीही तसंच केलं. निरोप देताना तोंड गोड करावं ही आपल्याकडची रीतच. तिसऱ्या वर्षापासून चर्चच्या भगिनी मंडळाच्या बायका शिऱ्यासाठी वेगळं सामान आणू लागल्या.

पण शिरा उरायचा. वरण-भात चाटूनपुसून जायचा आणि शिरा मात्र ताटलीत तसाच परत यायचा. आम्हा बायकांना त्याचं फार लागायचं. कुणी म्हणालं, तूप कमी पडलं. दुसऱ्या वर्षी तूप वाढवलं. मग वेलदोडा घातला. मग नाशिकचेच बेदाणे आहेत, ते का घालत नाही म्हणून मूठमूठ बेदाणे घातले. शिरा वर्षागणिक सरस होत गेला आणि त्या माणसांचे चेहरे वर्षागणिक उतरत गेले. शेवटी एका बाईंनी निकाल दिला की ह्या लोकांना गोडाची सवयच नसते, तिखट खाणारी माणसं. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. इतकी माणसं एका बेदाण्यावर डोकं खाजवत होती, हे आठवलं की आता हसूही येत नाही.

आणीबाणी उठली त्या वर्षाची थंडी फार वाईट होती. नाताळच्या आधीच वारं सुटलं. पहाटे गवतावर पांढरं दिसायला लागलं. त्या वर्षी जिवली आली. सुरगाण्याच्या डोंगरातली, विशीची असेल नसेल, छातीशी महिन्याचीही न झालेली पोर. नवऱ्याबरोबर टोळीतून द्राक्षबागांच्या कामाला खाली उतरली होती. वाटेत दिवस भरले, शहरात बाळंतीण झाली. टोळी थांबेना. नवरा सायखेड्याकडच्या बागेत कामाला लागला आणि जाताना हिला ह्या फाटकाशी बसवून गेला. इथे जेवण मिळतं, इथंच थांब, काम सुटलं की न्यायला येतो, एवढंच सांगून. ती फाटकाशी बसलेली मावशीला सापडली.

"बाळंतिणीनं थंडीत बसतात का गं?" मावशी तिच्यावर ओरडली आणि त्याच ओरडण्यात तिला आत घेऊन आली. पोरीला जुन्या फ्लॅनेलच्या फडक्यात गुंडाळलं. पोर मंगळवारची, म्हणून तिचं नाव मंगली. तिला खोकला होता. एवढ्याशा छातीतून तो आवाज यायचा आणि आमच्या हातातलं काम थांबायचं. मावशी म्हणाली, हिला संक्रांतीपर्यंत छप्पर मिळालं तर जगेल. मिळालं नाही तर काय, ते ती बोलली नाही.

जिवली चार-पाच दिवस एक शब्द बोलली नाही. चुलीशी बसून तांदूळ निवडायची. तिच्या बोटांना खडा बरोबर सापडायचा आणि तो ती दूर न फेकता आपल्या पायाशी ढीग करून ठेवायची. मी विचारलं, हे कशाला. तिनं पुढचा खडा त्या ढिगावर ठेवला. माझ्या मनात आलं की ह्या मुलीनं हॉलमधल्या माणसांकडून काहीतरी ऐकलं आहे आणि ती त्याची वाट बघते आहे.

शेवटच्या दिवशी मावशीनं मला कढई चढवायला सांगितली. मी तुपावर रवा घातला, झारा फिरवायला लागले. रंग बदलायला लागला, वास सुटला. एवढ्यात माझं मनगट कुणीतरी धरलं. जिवली होती.

"बाय, आज गोड नको करू."

"का गं?"

"गोड झाला का तुमी हाकलता."

तिनं हे भांडून म्हटलं नाही. पाऊस येणार आहे, वाळवण उचल, असं एखादी सांगते तसं म्हटलं. मावशीच्या हातात साखरेचा डबा होता, तो तिनं हळूच खाली ठेवला. मग मावशी आणि मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन हॉलकडे बघू लागलो. माणसं जेवायला बसली नव्हती. सगळी आमच्या दाराकडे तोंड करून उभी-बसली होती, आणि ज्याच्या त्याच्या पुढ्यात गाठोडं अर्धं बांधलेलं होतं. खंडूबाबाची घोंगडी घडी होऊन खांद्यावर आली होती. कुणी त्यांना काही सांगितलं नव्हतं. वास त्यांच्यापर्यंत आमच्या आधी पोचला होता, आणि बहुधा दरवर्षीच पोचत होता.

माझ्या आयुष्यात मी इतकी कधी गारठले नाही, चुलीपासून दोन हातांवर.

मावशी मागे वळली. तिनं कढई उतरवली आणि तो अर्धा तांबूस झालेला रवा ताटाखाली झाकून ठेवला. पाळकसाहेब विचारायला आले तेव्हा म्हणाली, "रव्यात सोंडे निघाले."

"मग आज गोड नाही?"

"गोडाशिवाय निरोप कसा द्यायचा साहेब? नाताळचे दिवस आहेत."

साहेब भले गृहस्थ. गळ्याला मफलर, आवाज हळू, कुणाला नाही म्हणायला जमायचं नाही. ते म्हणाले, बरं, उद्या. दुसऱ्या दिवशी मावशी म्हणाली की साखर रेशनवर यायची आहे. तिसऱ्या दिवशी तिची कंबर धरली. शाळा भरली आणि हॉल रिकामा नाही म्हणून पोरं बाहेर उन्हात बसली. हेडमास्तर दिवसातून दोनदा येऊन साहेबांशी बोलून जायचे. बाकं बाहेर एकावर एक रचून ठेवली होती आणि त्यांच्यावर दव पडून लाकूड फुगत होतं. मावशीनं हे सगळं बघून न बघितल्यासारखं केलं. मला तिचा काय अभिमान वाटायचा. एक म्हातारी गोड करायचं टाळत होती, आणि तेवढ्यावर सगळ्या हॉलच्या डोक्यावर छप्पर राहत होतं.

पण ते दिवस सुखाचे नव्हते. माझी शाळा सुटली की मी धावत यायचे आणि फाटकात पाऊल टाकण्याआधी नाक वर करून वास घ्यायचे. हॉलमधली माणसंही तेच करत. हसणं नाही, बोलणं नाही. ताटात काय पडतंय तिकडे सगळ्यांचे डोळे. एकदा भोपळ्याची भाजी जरा गोडसर लागली तर एक बाई घास हातात धरून थांबली. मावशीनं तिच्या ताटात वरून मीठ टाकलं, तेव्हा कुठे तिनं घास खाल्ला.

जिवली रोज फाटकाशी जाऊन भाजीच्या गाड्यांना विचारायची. सायखेड्याकडून येणारा एक गाडीवान सांगायचा की तिकडे कडाका पडलाय, बागा जळतील म्हणून बागायतदार बांधाबांधावर शेकोट्या लावतात, रात्रभर धूर करतात, आणि त्या शेकोट्या राखायला टोळीतली सगळी माणसं अडकवून ठेवलीत. थंडी हटेस्तोवर कुणाला सोडायचे नाहीत. म्हणजे जी थंडी ह्या पोरीच्या छातीत शिरली होती, तीच तिच्या बापाला तिकडे बांधून ठेवत होती. द्राक्षांना रात्रभर शेक मिळत होता. मला द्राक्षं फार आवडत. त्या वर्षी मी ती घरात आणली नाहीत.

आणि मग एका दुपारी लाडू आले.

गंगापूर रोडच्या एका सुखवस्तू गृहस्थांना नातू झाला. आनंदात त्यांना आठवलं की नाशिकरोडला गरिबांचं काहीतरी चालतं. त्यांचा माणूस टांग्यातून उतरला, दोन पराती बुंदीचे लाडू, वर लाल कागद. मी मागच्या बाजूला मेथी निवडत होते, मावशी भाकऱ्या थापत होती. तो माणूस हसतमुखानं सरळ हॉलच्या दारात गेला आणि वाटायला लागला. "घ्या, घ्या, नातू झालाय आमच्या शेठना." आम्हाला काही कळायच्या आत सगळ्यांच्या हातात लाडू पडले होते. मग कापडांची सळसळ ऐकू आली.

मावशी पिठाच्या हातांनी धावली. मी तिच्या मागं. खंडूबाबानं लाडू कपाळाला लावून खिशात टाकला होता आणि घोंगडी खांद्यावर घेतली होती. त्याच्यामागं एकेक जण उठत होता.

"बसा. अरे बसा, हे आपलं गोड नाही. हे बाहेरून आलंय," मावशी म्हणाली.

"बाहेरचं काय आन् आतलं काय मावशे," खंडूबाबा म्हणाला. "गोड ते गोड. एवढे दिस दिले, लय झालं."

"तुला कोण जा म्हणालं का?"

"म्हनायची पाळी कशाला आनायची?"

पाळकसाहेब देवळाच्या पायरीवर उभे होते. मावशीनं त्यांच्याकडे बघितलं, मीही बघितलं. त्यांनी एक शब्द उच्चारला असता, थांबा एवढाच, तर माणसं थांबली असती. साहेबांनी चष्मा काढला आणि मफलरच्या टोकानं तो पुसू लागले. पुसत राहिले. त्यांचीही कोंडी होती, हेडमास्तर होते, भिजलेली बाकं होती, हे सगळं मला कळतं. कुणालाही जा न म्हणता हॉल रिकामा होत होता. चष्मा परत नाकावर आला तोवर निम्मी माणसं फाटकाबाहेर गेली होती. मला त्यांचा तेव्हा राग आला. अजूनही येतो, आणि ते चांगले होते हे आठवून तो जास्तच येतो.

लाडू वाटणारा माणूस गोंधळून उभा होता. "काय झालं? लाडू चांगले नाहीत का?" असं तो मला विचारत होता.

हॉलमधे एकटी जिवली उरली. मांडीवर पोर. पुढ्यात फरशीवर लाडू, तिनं हात न लावलेला. त्याला मुंग्या लागायला सुरुवात झाली होती. मी जवळ गेले तर तिनं मान वर केली.

"मी खाल्ला नाय बाय. मी खाल्ला नाय, मंग मी ऱ्हाते."

मी तिला घरी चल म्हटलं. खरंच म्हटलं, आमची दीड खोली होती तरी. ती हलेना. "त्यानं इठंच ऱ्हा सांगला हाय. तो इठं येल." तिच्या जगात तेवढा एकच पत्ता होता, तो हरवायला ती तयार नव्हती. बाहेर ऊन उतरत होतं आणि वारं सुटलं होतं. पोर खोकली. मावशी कंबरेवर हात ठेवून उभी होती, हाताचं पीठ लुगड्याला लागत होतं. मग ती सगळ्या आवाराला ऐकू जाईल अशी म्हणाली, "हॉल साहेबांचा असेल. चूल माझी आहे."

तिनं जिवलीला उठवून स्वयंपाकघरात नेलं आणि मधल्या चुलीच्या राखेजवळ पोतं अंथरलं. साहेब तिकडे फिरकले नाहीत, आणि मला वाटतं त्यांनी त्या दिवसांत केलेली ती सगळ्यात मोठी मदत होती. मावशीनं संक्रांतीपर्यंत ती एक चूल विझू दिली नाही. मी दुपारी जायचे तेव्हा दारातच थांबून आधी कान द्यायचे. खोकला ऐकू आला की जीव भांड्यात पडायचा. खोकला म्हणजे पोर आहे. एखाद्या दुपारी तो नाही ऐकू आला तर पुढचं पाऊल उचलायचं नाही, इतकी भीती वाटायची.

नवरा आला तो धुरानं माखलेला. डोळे लाल, हात भेगाळलेले, अंगाला जळक्या पेंढ्याचा वास. त्यानं पोरीकडे खूप वेळ बघितलं. मावशीनं त्याला भाकरी वाढली, तिखट चटणी वाढली, आणि गूळ मात्र फडताळात आत सरकवून ठेवला. जेवून ती तिघं एसटी स्टँडकडे चालू लागली. फाटकातून बाहेर पडताना जिवलीनं मागं वळून बघितलं नाही. मला त्याचं वाईट वाटलं, मग बरंही वाटलं. त्या फाटकातून आपल्या पायानं आणि आपल्या माणसाबरोबर जाणारी ती पहिलीच होती.

पुढच्या वर्षी मावशीनं एक शहाणपणा केला, निदान आम्हाला तो शहाणपणा वाटला. गोडाची ही अशी खूण झाली आहे ना, मग ती पुसून टाकू. शिरा पहिल्याच दिवशी वाढू. नाताळची आदली दुपार, हॉल नुकता भरलेला, कागदी चांदणी नवी. आम्ही हौसेनं शिरा केला. वास सुटला आणि नुकतीच टेकलेली निम्मी माणसं उठून निघून गेली. ऊब अंगात शिरायच्या आधी. त्यांना आवरता आवरता मावशी फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत गेली, एकदोघांचे हात धरले. त्यांनी हात सोडवून घेतले, तेही किती नम्रपणे.

मग आम्ही गोड बंदच केलं. नाताळ आणि गोड नाही, भगिनी मंडळानं नाकं मुरडली. पण त्यानं काही साधलं नाही. आता हॉल कधी बंद होणार हे कुणालाच कळेना. पाळकसाहेब तारीख सांगत, पण साहेबांच्या तारखेवर त्या माणसांचा विश्वास नव्हता. तारखा त्यांना आयुष्यभर खूप जणांनी दिल्या होत्या. प्रत्येक जेवण शेवटचं असल्यासारखं ती जेवू लागली. झोप उडाली. भांडणं होऊ लागली. शेवटी खंडूबाबा एक दिवस स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसला.

"मावशे, गोड कधी?"

"आता नाही करत. तुम्ही घाबरता ना."

"घाबरतो. पर कळतं तरी." त्यानं घोंगडी सारखी केली. "येकदम लाथ बसन्यापरीस वास बरा."

मावशीनं उठून रव्याचा डबा खाली काढला. त्या वर्षीपासून शिरा परत सुरू झाला, शेवटच्या दिवशी, पूर्वीसारखाच. आम्ही तो जाणूनबुजून करू लागलो. आधी आम्ही तोंड गोड करत होतो, आता दवंडी पिटत होतो, फरक एवढाच. रवा भाजायचं काम माझ्याकडे होतं, आणि झारा फिरवताना माझी मान खाली असायची.

ऐंशी साल उलटून गेल्यावर एका नाताळला जिवली परत आली. बरोबर नवरा नव्हता. तो कुठे आहे हे आम्ही विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. पण बोट धरून मंगली होती. चार वर्षांची, नाक वाहणारी, डोळे टपोरे. जगली होती. मावशी तिला बघून चुलीशी बसून रडली आणि धूर लागला म्हणाली. खंडूबाबा आधल्याच पावसाळ्यात गेला होता. त्याची दाराजवळची जागा रिकामी होती, तिथे जिवलीनं अंथरूण टाकलं.

मंगली दिवसभर माझ्यामागं असायची. वाटाणे सोलायची, निम्मे खायची. मी तिला अ आ शिकवलं, तिनं राखेत बोटानं काढलं. तिचं हसणं ऐकून मला वाटायला लागलं की चला, काहीतरी तरलं. एक पोर तरली की माणसाला उगाच सगळंच तरल्यासारखं वाटतं.

शेवटच्या दिवशी मी कढई चढवली. तूप, रवा, झारा. मंगली माझ्या शेजारी पाटावर बसून वाटाणे सोलत होती. वास सुटला. तिचे हात थांबले. ती पाटावरून उतरली, फ्रॉकला हात पुसले आणि गेली. मला वाटलं आईकडे गेली असेल. थोड्या वेळानं बघते तर ती दारात उभी. स्वेटर उलटा घातलेला, काखेत एवढंसं गाठोडं. ती रडत नव्हती. शिरा मागत नव्हती. तिच्या वयाची पोरं गोडाच्या वासानं कढईभोवती नाचतात, आणि ती निघायची तयारी करून माझी वाट बघत होती. तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत एकदा नीट न्याहाळलं.

"बाय," ती म्हणाली, "तुजा गाठोडा कुठं हाय?"

तिला वाटत होतं, सगळ्यांनाच जावं लागतं. माझ्या हातातला झारा थांबला आणि रवा खाली लागला. तो करपलेला शिरा त्या दिवशी आम्ही तसाच वाढला.

पुढे शाळा वाढली, हॉलच्या जागी वर्ग झाले, ते स्वयंपाकघर पाडलं. मावशी गेली. मंगली कुठे आहे मला ठाऊक नाही. असली तर पन्नाशीकडे झुकली असेल, आणि कुठेतरी तिच्या घरात सणाला रवा भाजला जात असेल. तेव्हा ती काय करते, हे मला एकदा बघायचंय.

खालून आता हाका येताहेत. "आजी, चला, पानं मांडलीत." माझं सामान बांधून झालंय, दाराशीच आहे. मी मुलाकडे जाणार आहे, तिथं मला खोली आहे, खिडकी आहे. माझं जाणं आणि त्या माणसांचं जाणं एक नाही, तेवढं मला कळतं. तरी स्वेटर आधी उलटाच घातला, मग सरळ केला. खाली जाते. सगळ्यांबरोबर बसते, वरण-भात जेवते. शिरा मात्र पानात तसाच ठेवणार आहे. मी खाल्ला नाही, तर राहते का, बघू.